नंदाच्या घरचं पान

नाव देऊन झालं, टाळ्या पडल्या, आणि विहाराच्या पायऱ्या उतरता उतरता नंदाला वाटलं, हे काय करून बसलो आपण.

आषाढी पौर्णिमेची बैठक होती ती. असल्फ्याच्या टेकडीवरच्या त्यांच्या गल्लीत वर्षावासाचे तीन महिने धम्मग्रंथाचं वाचन चालतं, रोज संध्याकाळी एका घरी. ज्या घरची पाळी असेल त्या घरची बाई आदल्या दिवशीच्या घरून ग्रंथ निळ्या कापडात बांधून डोक्यावर घेऊन येते, पाटावर ठेवते, फुलं वाहते, मेणबत्ती लावते. मग त्या घरातल्या कुणीतरी एक पान वाचायचं आणि तिथून पुढचं वाचन, सगळी व्यवस्था बघणाऱ्या चंद्रप्रकाशदादांनी करायचं. त्या पहिल्या पानाला गल्लीत 'घरचं पान' म्हणतात. ते निवडता येत नाही. काल खुणेचं मोरपीस जिथं ठेवलं असेल तिथून सुरू करायचं, एवढाच नियम.

नंदाच्या घरचं पान इतकी वर्षं तिचा नवरा राजाराम वाचत आला होता. तो सातवीपर्यंत शिकलेला, पवईला एका सोसायटीत पंप आणि जनरेटर बघतो. वाचायचाही तो तसाच, एकदा चालू केलं की टाकी भरेपर्यंत न थांबता. नंदा ग्रंथ डोक्यावरून आणायची, खीर करायची आणि उंबऱ्याशी बसून ऐकायची. तिच्या सासूनंही तेच केलं होतं. ग्रंथ वाहायचा मान घरातल्या बाईचा, पण तो उघडण्याची वेळ कधी आली नाही. कुणी मनाई केली होती असं नाही. उघडून करणार काय, हा प्रश्न होता.

तर यंदा बैठकीत चंद्रप्रकाशदादा घराघराला दिवस वाटून देत होते. नंदाच्या घराशी आल्यावर त्यांनी सवयीनं विचारलं, "पान राजारामच ना?" आणि नंदा उभी राहिली.

"यंदा मी वाचणार."

राजारामनं तिच्याकडे असं पाहिलं की जणू ती उद्यापासून मेट्रो चालवणार आहे.

तशी ती हवेत बोलली नव्हती. दिवाळीपासून ती वर्गाला जात होती. टेकडीच्या पायथ्याशी समाजमंदिर आहे, तिथल्या बालवाडीच्या खोलीत संध्याकाळी मोठ्यांचा वर्ग भरतो. बसायला बालवाडीतलीच बुटकी बाकं, भिंतीवर हत्ती-घोड्यांची चित्रं. वर्गात कुणी भाजी विकणारं, कुणी वॉचमन, दोघीतिघी घरकाम करणाऱ्या. शिकवायला वसुधाबाई. विमा कंपनीतून निवृत्त झालेल्या, राहायला घाटकोपर पूर्वेला. गुडघ्याला पट्टा बांधून त्या मेट्रोनं असल्फ्याला यायच्या आणि जिना चढून वर आल्या की दम खायच्या आधी फळ्यावर अक्षर काढायच्या. शाब्बास हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. कुणी बरोबर वाचलं की त्या फक्त म्हणायच्या, "पुढे." वर्गातली माणसं त्या एका शब्दासाठी जीव टाकायची.

नंदा मूळची जिंतूरकडची. गावात शाळा होती, पण नंदा घरात थोरली. धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन ती शाळेच्या दारापर्यंत जायची, त्यांना आत सोडायची आणि आईच्या मागं कापूस वेचायला जायची. लग्न होऊन मुंबईत आली ती थेट या टेकडीवर. आता साकीनाक्याला एका शर्टाच्या कारखान्यात ती धागे कापते. शिलाई झालेल्या शर्टावर सुटलेले दोरे असतात, ते बोटाएवढ्या कात्रीनं कापून शर्ट पुढं सरकवायचा. डोळे तिचे असे तयार झालेत की पांढऱ्या शर्टावरचा पांढरा दोरा तिला दिसतो. पण शर्टाच्या खिशावर काय छापलंय ते मात्र दिसूनही दिसायचं नाही.

वर्गात ती भराभर पुढं गेली. अक्षरं झाली, काना-मात्रा झाल्या, जोडाक्षरं अर्धीमुर्धी झाली. म्हणून तर ती बैठकीत उभी राहिली.

दुसऱ्याच दिवशी ती घरातला जुना ग्रंथ वर्गात घेऊन गेली. मुलीनं, माधुरीनं, तिला किसा गोतमीच्या गोष्टीचं पान काढून दिलं होतं. मेलेलं लेकरू उराशी धरून, ज्या घरात कधी कुणी मेलं नाही अशा घरची मूठभर मोहरी मागत फिरणारी ती आई. नंदाची ही सगळ्यात आवडती गोष्ट. वसुधाबाईंनी वाच म्हटलं आणि नंदानं ते पान वाचलं. वरपासून खालपर्यंत, कुठंही न अडखळता, जिथं आवाज उतरवायचा तिथं उतरवून. भाजीवाल्याचे डोळे भरून आले. नंदानं मान वर केली आणि 'पुढे' ऐकायला कान टवकारले.

'पुढे' काही आलं नाही. बोलली ती शेजारच्या बाकावरची लता. लता मालवणाकडची, घाटकोपरात चार घरी पोळ्या करणारी, आणि तिच्या जिभेला कुलूप नव्हतं.

"गो नंदा," ती म्हणाली, "तुझा बोट वरच्या वळीर रवला नि तोंड खाली पोचला. तू वाचतंस की आरती म्हणतंस?"

वर्ग हसला. नंदाही हसली, आणि हसता हसता तिनं आपल्या बोटाकडे पाहिलं. खरंच ते पानाच्या मध्यावर होतं. गोष्ट तर संपली होती.

वसुधाबाईंनी पुस्तक आपल्याकडे ओढलं नाही की रागावल्या नाहीत. त्यांनी नंदाला तेच पान उलटं वाचायला सांगितलं, म्हणजे सगळ्यात खालची ओळ आधी, मग तिच्या वरची, मग तिच्या वरची. नंदानं खालच्या ओळीवर बोट ठेवलं आणि ती अडली. ओळ मध्येच सुरू होत होती आणि मध्येच तुटत होती. तिथं गोतमी नव्हती, मोहरी नव्हती, नुसती अक्षरं होती. एकेक शब्द फोडायला तिला घाम फुटला. आत्ता पाणी वाहावं तसं वाचणारी बाई एका ओळीत चारदा ठेचकाळली.

वीस-एक पावसाळे तिनं हा ग्रंथ कानानं ऐकला होता. तो तिच्या आत जाऊन बसला होता, आणि डोळ्यांनी काही करायच्या आधी तोच बोलून मोकळा होत होता. तिनं कुणाला फसवलं नव्हतं. तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं, आणि लागलं ते हेच.

घरी येऊन तिनं राजारामला सांगितलं की यंदाही तूच वाच. राजाराम जेवत होता. तो म्हणाला की नाव देऊन झालंय, आता गल्लीत सगळ्यांना माहीत आहे, वाट लागली ती लागलीच. मग पाणी पिऊन त्यानं तोडगा काढला. मोहरीचं पान तिला पाठ आहे ना, मग त्या दिवशी तेच पान यावं एवढं बघायचं. बोट हळू फिरवायचं. कुणाला कळतंय?

नंदाला हा तोडगा एका बाजूनं अजिबात आवडला नाही आणि दुसऱ्या बाजूनं फार आवडला. दुसऱ्या दिवशी ती चंद्रप्रकाशदादांच्या घरी वाटीभर खीर घेऊन गेली.

चंद्रप्रकाशदादा महापालिकेतून निवृत्त झालेले, शिस्तीचे. त्यांनी आधी मोरपिसाचा नियम सांगितला, मग नियमामागचं कारण सांगितलं, मग खीर खाल्ली. मग म्हणाले की नियम मोडता येणार नाही, पण रोज किती वाचायचं ते काही ग्रंथात लिहिलेलं नाही. कधी घसा बसतो, कधी चांगला लागतो. भादव्यात तिच्या घरी ग्रंथ येईपर्यंत मोरपीस मोहरीपाशी पोचायला हरकत नसावी.

लताला हे कळल्यावर तिनं कपाळाला हात लावला. "म्हणजे परीक्षेआधीच पेपर फोडलंस तू."

"फोडला नाही गं. दादांना विचारलं नुसतं."

"पेपर फोडणारे सगळे असाच म्हणतत."

पण नंदा एकाच दगडावर पाय ठेवून उभी नव्हती. वसुधाबाईंनी पाठ असलेलं वाचायला तिला बंदीच केली होती, आणि उलट्या ओळींचा तो मार तिच्या मनातून जात नव्हता. कारखान्यात शर्टाची घडी घालताना कॉलरखाली एक पुठ्ठा घालतात. तसा एक दुमडलेला, टाकून दिलेला पुठ्ठा तिनं उचलला आणि आपल्या छोट्या कात्रीनं त्यात एक खिडकी कापली, एक शब्द दिसेल एवढी. पुठ्ठा ओळीवर ठेवला की खिडकीत एकच शब्द उभा राहायचा. मागचा झाकलेला, पुढचा झाकलेला. आता पाठांतराला शिरायला वाटच नव्हती. समोर आलेल्या शब्दाला आधी नीट भेटायचं, मगच पुठ्ठा सरकवायचा.

वसुधाबाईंनी तो पुठ्ठा हातात घेऊन उलटसुलट पाहिला, खिडकीतून नंदाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पुढे."

त्यानंतर नंदाला अक्षरांचं वेडच लागलं. बिस्किटाच्या पुड्यावर पुठ्ठा ठेव, माधुरीच्या औषधाच्या बाटलीवर ठेव, भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठेव. रस्त्यावर पुठ्ठा चालत नाही म्हणून ती एक डोळा मिटायची आणि मुठीच्या नळीतून बघायची. टेकडी उतरून साकीनाक्याला जाईपर्यंतचा रस्ता, ज्यावरून ती वर्षानुवर्षं मान खाली घालून चालली होती, तो तिच्याशी बोलायला लागला. वेल्डिंगची कामं करून मिळतील. रद्दी घेतली जाईल. येथे गाडी लावू नये. एक दुकानदार सगळ्यांना सांगत होता की उधारी मागून मैत्री तोडू नका. नंदा मुठीतून वाचत उभी राहायची, मागून रिक्षावाला हॉर्न द्यायचा आणि ती त्याच्या रिक्षेच्या पाठीवर काय लिहिलंय तेही वाचून घ्यायची. कामावर उशीर व्हायला लागला. सुपरवायझरनं विचारलं तेव्हा तिनं खरं कारण सांगितलं आणि त्यानं ते काही खरं मानलं नाही.

पिठाच्या गिरणीत तर कहरच झाला. गिरणीच्या दारात ती लग्नापासून गव्हाचा डबा ठेवत आली होती, दाराच्या अगदी मध्यात, म्हणजे गिरणीवाल्याला सहज उचलता यावा म्हणून. त्या दिवशी डबा ठेवताना तिची नजर वर गेली. चौकटीवर एक पाटी होती. तिनं मूठ डोळ्याला लावली. कृ-प-या. कृपया. डबे. दारात. ठेवू. नयेत.

तिनं डबा उचलला आणि पोटाशी धरला. गिरणीवाल्याला विचारलं की ही पाटी कधी लावली.

"तुम्ही यायला लागलात तेव्हा," तो म्हणाला.

नंदा हसायला लागली ती थांबेचना. गिरणीवाला पिठानं माखलेल्या भुवया वर करून बघत राहिला. घरी येऊन तिनं राजारामला सांगितलं, माधुरीला सांगितलं, वर्गात उभं राहून सगळ्यांना सांगितलं. कारण त्या पाटीवर काय आहे ते तिला आधी ठाऊक नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं, कधी ऐकलं नव्हतं. पाटी थेट तिलाच बोलली होती.

भादवा आला. चंद्रप्रकाशदादा रोज थोडं थोडं वाचून मोरपीस मोहरीच्या दिशेनं सरकवत होते. गल्लीतून जाताना नंदा दिसली की गंभीर चेहऱ्यानं मान हलवायचे, म्हणजे काम बेतानं चाललंय. पाळीच्या आदल्या दिवशी नंदा वाचनाला गेली नाही. घर धुवायचं होतं, पडदे बदलायचे होते, आणि दुसऱ्या दिवशी वसुधाबाई आणि लताही यायच्या होत्या. मोहरीचं पान तिनं झोपण्यापूर्वी एकदा मनात म्हणून पाहिलं. पुठ्ठा डब्यांच्या फळीवर ठेवून दिला. उद्या त्याचं काम नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पांढरं लुगडं नेसून आदल्या दिवशीच्या घरी ग्रंथ आणायला गेली तेव्हा चंद्रप्रकाशदादा तिथं दारातच उभे होते. चेहरा उतरलेला. त्यांनी जे सांगितलं ते असं, की काल अचानक नांदेडकडचे, वर्षावासाला घाटकोपरच्या विहारात थांबलेले एक भंतेजी आले. त्यांना वाचायची विनंती केली. भंतेजींचा आवाज असा गोड की माणसं डोलायला लागली. मोहरीची गोष्ट आली, झाली, आणि भंतेजी थांबेचनात. त्यांना थांबा कोण म्हणणार?

"माझा इलाज चालला नाही, नंदाताई."

"मोरपीस कुठंय मग?"

"फार पुढं गेलं."

नंदानं निळ्या कापडातला ग्रंथ डोक्यावर घेतला. दरवर्षीचंच वजन, पण यंदा मान आखडली. सात-आठ घरांचा तर रस्ता. पोरं आधीच पुढं पळत जाऊन तिच्या घरात जागा धरत होती. राजाराम तिच्या शेजारून चालत होता आणि त्याला सगळं कळलं होतं. त्यानं खालच्या आवाजात सांगितलं, "दे, मी वाचतो. घसा बसलाय सांगू तुझा."

नंदा ओठ मिटून चालत राहिली. बोलायला तोंड उघडलं असतं तर तिनं हो म्हटलं असतं.

खोली भरली होती. चपला गटारापर्यंत गेल्या होत्या. वसुधाबाई प्लास्टिकच्या खुर्चीवर, पाय लांब करून, आणि त्यांच्या पायाशी लता. त्रिशरण झालं, पंचशील झालं. मेणबत्ती लागली. राजारामनं घसा खाकरून हात पुढं केला. नंदानं ग्रंथ उघडला, मोरपीस बाजूला ठेवलं आणि पानावर नजर टाकली.

वरच्या मोठ्या अक्षरांतला 'नियम' शब्द दिसला आणि ते पान तिला लगेच ओळखू आलं. आलं म्हणजे, पाठ नाही हे ओळखू आलं. भिक्षूनं जवळ काय काय ठेवावं, काय ठेवू नये, असल्या नियमांचं पान होतं ते. दरवर्षी हे पान आलं की माणसं पाणी प्यायला उठायची, कुणी मोबाइल काढायचं, आणि उंबऱ्याशी बसलेल्या नंदाला छानशी डुलकी लागायची. वीस वर्षांत तिनं ते एकदाही धड ऐकलं नव्हतं.

तिच्या आत बसलेला ग्रंथ गप्प होता. आज तो मदतीला येणार नव्हता. आणि याच क्षणी, का कोण जाणे, तिला गिरणीतली पाटी आठवली.

"माधुरी," ती म्हणाली, "फळीवरचा पुठ्ठा दे."

डब्यांचा आवाज झाला. पुठ्ठा माणसांच्या डोक्यांवरून हातोहात पुढं आला. राजारामनं पुढं केलेला हात मागं घेऊन मांडीवर ठेवला. नंदानं पहिल्या ओळीवर खिडकी ठेवली.

पहिला शब्द छोटा होता, तो गेला. दुसरा मोठा होता, तो तिनं फोडला आणि परत जोडला. खोलीत कुणी खोकलं. तिसऱ्या शब्दापाशी ती इतका वेळ थांबली की मागच्या एका म्हातारीनं शेजारणीला विचारलं, झालं का वाचन. चंद्रप्रकाशदादांच्या ओठांवर तो शब्द येऊन उभा होता, त्यांनी तो गिळला. "भिक्षा," नंदा म्हणाली. पुठ्ठा सरकवला. "पात्र."

भिक्षापात्र. तिच्या डोळ्यांसमोर पात्र आलं. पुढं काय असेल? तिला ठाऊक नव्हतं, आणि खिडकी सरकवायची तिलाच घाई झाली. चीवर. कमरपट्टा. वस्तरा. एकेक वस्तू खिडकीत येत होती, जणू कुणीतरी पिशवीतून काढून तिच्या हातात देत होतं. आता खोलीत डुलकी लागलेलं कुणी नव्हतं. ती इतक्या सावकाश वाचत होती की पुढची वस्तू कोणती याची सगळ्यांनाच उत्सुकता लागली. पोरं पुढं सरकली. पुठ्ठा सरकला आणि नंदा एकदम मोठ्यानं म्हणाली, "सुई."

हा शब्द तिला फोडावा लागला नाही. दिसला आणि कळला, शर्टावरचा दोरा दिसावा तसा. तिनं मान वर करून सगळ्यांकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की आधी पोरं हसली आणि मग अख्खी खोली.

"सुई असते त्यांच्याकडे," ती राजारामला म्हणाली, जणू तो एकटाच तिथं होता. "फाटलं तर शिवायला. आपल्याला इतकी वर्षं माहीतच नाही."

"मला माहीत होतं," राजाराम म्हणाला.

"मग सांगितलं का नाही?"

"दरवर्षी वाचतात की. तू झोपायचीस."

आता तर चंद्रप्रकाशदादाही हसले. नंदानं पुन्हा खिडकीवर डोळा लावला. पाणी गाळायचं फडकं आलं, तिथं ती एकदा चुकली, मागं आली, पुन्हा वाचलं. मेणबत्ती अर्ध्यावर आली. घामानं पुठ्ठ्याची कड मऊ पडली. शेवटच्या ओळीपाशी तिचं बोट आणि तिचं तोंड एकाच शब्दावर थांबलं. लतानं ते मान उंचावून मुद्दाम बघून घेतलं होतं.

घरचं पान झालं होतं. कुणीतरी साधू साधू साधू म्हटलं, सगळ्यांनी म्हटलं. रिवाजाप्रमाणे चंद्रप्रकाशदादांनी चष्मा चढवला आणि ग्रंथ घ्यायला दोन्ही हात पुढं केले. नंदानं ग्रंथ उचललाही. पण पानाच्या तळाशी वाक्य संपलेलं नव्हतं. ते तुटून पलीकडे गेलं होतं, आणि पलीकडे काय होतं ते तिला ठाऊक नव्हतं.

तिनं खुर्चीकडे पाहिलं. वसुधाबाई गुडघा चोळत होत्या. त्यांनी वर न बघताच म्हटलं, "पुढे."

"दादा, एवढं वाक्य होऊ द्या," नंदा म्हणाली, आणि तिनं पान उलटलं. लता वाटीत खीर वाढायला उठली होती, ती पळी हातात घेऊन तशीच परत बसली.